कादंबऱ्या सापडेनात तेव्हा...

‘कादंबऱ्या’ हा शब्द कॉम्प्युटरवर दोन प्रकारे टाइप करता येतो. त्यातला पापणीच्या केसासारखा आडवा ‘र’ काही कीबोर्ड ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराचा पाय मोडून तयार करतात. काही कीबोर्ड साध्या ‘र’चा पाय मोडतात आणि त्याच्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह ठेवतात. वाचणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच दिसतात. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. एका पद्धतीनं नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, की उत्तर येतं - शून्य निकाल. पुस्तक समोरच्या कपाटात असतं, पण यादीच्या लेखी नसतं.

मी शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. एका ऑनलाइन दुकानाच्या सर्च बॉक्समागचं काम करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. ‘ब्लू शर्ट’ टाइप केल्यावर निळा शर्टच का यावा, याची चिंता करायचे मला पगार मिळतात. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाच्या पुस्तकांची यादी करायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ‘तू कॉम्प्युटरवाला, तुझं एका वीकेंडचं काम!’ त्याला आता दीड वर्ष झालं.

यादीची घाई का, तेही सांगतो. १९७० च्या आसपास इथं आलेली मराठी मंडळी आता मोठी घरं विकून लहान घरात जायला लागली आहेत. मुलं इथंच वाढलेली. ती मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. दर सुट्टीत भारतातून सामानाचं वजन सांभाळत आणलेली पुस्तकं मग खोक्यांत भरली जातात आणि ‘मंडळाला देऊन टाकू’ असा फोन येतो. मंडळाकडे जागा म्हणजे एका काकांच्या गॅरेजमधली तीन कपाटं. त्यात आधीच सात-आठशे पुस्तकं. आपल्याकडे काय आहे हे माहीत नसलं, की काय ठेवायचं आणि काय नाही, हेही कळत नाही. आणि इथं सोमवारी सकाळी रिसायकलिंगचा ट्रक येतो. तो थांबत नाही.

मी आधी आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत गेलो. अमेरिकेतल्या लायब्ररीत मदत मागायला लाजायचं नसतं, हे नव्यानं आलेल्यांना मी नेहमी सांगतो. तिथल्या लायब्रेरियन बाईंनी माझा उत्साह शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ‘काही नवीन बनवायच्या आधी काय तयार आहे ते बघ.’ मग त्यांनी मला टायनीकॅट दाखवलं. लायब्ररीथिंग या वाचकांच्या वेबसाइटवाल्यांनी छोट्या संस्थांसाठी २०१६ मध्ये काढलेली ही सोय. मोबाइलनं पुस्तकाचा बारकोड टिपायचा, बाकीची माहिती आपोआप येते. त्याहून मोठं काम असेल तर कोहा. हे १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररी ट्रस्टनं बनवून घेतलं, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की बंद पडणार होती. त्यांनी ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं; कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. आज भारतातली कितीतरी कॉलेजं हीच भेट वापरतात.

बारकोडची युक्ती आमच्याकडे पहिल्या खोक्यातच संपली. आमच्या निम्म्याहून अधिक पुस्तकांना बारकोड सोडा, आयएसबीएनही नाही. आयएसबीएन जगात १९७० च्या सुमाराला आला आणि मराठी प्रकाशनांमध्ये रुळायला आणखी बराच काळ गेला. त्याआधीच्या पुस्तकाची ओळख म्हणजे आतलं पान : नाव, लेखक, प्रकाशक, मुद्रक, किंमत चार रुपये.

मग वळलो वर्ल्डकॅटकडे. १९७१ मध्ये ओहायोतल्या कॉलेजांनी मिळून सुरू केलेली ही सामाईक यादी. आता तिच्यात जगभरातल्या लायब्ररींच्या पन्नास कोटींहून अधिक नोंदी आहेत. मला वाटलं होतं, जुनी मराठी पुस्तकं इथं कुठली असणार? तर ढिगानं आहेत! आणि ती इथं कशी आली याची गोष्ट मोठी गमतीची आहे. आपल्या आजी-आजोबांनी रेशनवर आणलेला अमेरिकेचा लाल गहू आठवतो? तो पीएल ४८० या १९५४ च्या कायद्याखाली यायचा आणि भारत त्याचे पैसे रुपयांत चुकते करायचा. या रुपयांचं करायचं काय? त्यातून पुस्तकं घेता येतील, अशी सोय १९५८ मध्ये झाली आणि १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं दिल्लीत ऑफिस थाटलं. तिथून भारतीय भाषांतली पुस्तकं पेट्या भरभरून अमेरिकन विद्यापीठांत येऊ लागली. शिकागो विद्यापीठात मॉरीन पॅटरसन या ग्रंथपाल बाईंनी दक्षिण आशियाचा संग्रह उभा केला. त्यांचा स्वतःचा अभ्यासाचा विषय महाराष्ट्रच होता. म्हणजे आपण गहू खाल्ला आणि त्या बदल्यात आपल्या कादंबऱ्या मिशिगन सरोवराच्या काठावर येऊन राहिल्या.

पण त्या सापडतात का? आधी कार्डांवर आणि मग कॉम्प्युटरमध्ये या नोंदी झाल्या त्या रोमन लिपीत, अमेरिकन लायब्ररी असोसिएशन आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी ठरवलेल्या नियमांनी. नियम अतिशय काटेकोर आहेत. ण साठी खाली टिंब, दीर्घ आ साठी वर रेघ, आणि शब्दाच्या शेवटी आपण न उच्चारलेला ‘अ’ सुद्धा लिहायचा. त्यामुळे खांडेकर हे आडनाव ‘खांडेकरा’ असं, कुणीतरी हाक मारल्यासारखं दिसतं. आपण मात्र व्हॉट्सॲपवर लिहितो तसं रोमन टाइप करतो आणि हात हलवत परत येतो. मूळ लिपी लिहायला नोंदीत ८८० क्रमांकाचा एक रकाना असतो. नव्या नोंदींत तो पुष्कळदा भरलेला असतो, जुन्यांत तो रिकामाच असतो. यावर सोपा उपाय म्हणजे अक्षरमुख नावाचं मोफत वेब-साधन. देवनागरीत शब्द टाका, ते रेघा-टिंबांसकट रोमन करून देतं. ते चिकटवून शोधलं की पुस्तक पुढ्यात. मग आंतर-ग्रंथालय देवघेवीतून ते आपल्या गावच्या लायब्ररीत मागवता येतं. इथल्या मराठी वाचकांना ही एवढी एक गोष्ट कळली तरी कितीतरी जणांची भूक भागेल.

याच्या उलट प्रकार म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियानं स्कॅन केलेली पुस्तकं. त्यांच्या प्रती आता इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. स्कॅन झालं, पण नोंदी करताना कुठलाच नियम पाळलेला दिसत नाही. मराठी नावं मनाला येईल तशी रोमनमध्ये लिहिलेली. पुस्तक आहे, फुकट आहे, घरबसल्या वाचता येतं, आणि तरी ते नशिबानंच हाती लागतं. अमेरिकन नियम किचकट आहेत म्हणून मी त्यांना हसलो खरा, पण किचकट नियम निदान शिकून घेता येतो.

ज्या पुस्तकांची नोंद कुठेच नव्हती, त्यांच्यासाठी मी एआयला कामाला लावलं. शीर्षकपानाचा फोटो काढायचा आणि म्हणायचं, यातून नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष वेगळं करून दे. खरं सांगतो, पाच वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं. पिवळी पडलेली पानं, तुटका ठसा, कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नाच्या आहेराचा शिक्का, यातूनही ते नीट वाचतं. टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅमही मराठी वाचतो, पण चुरगळलेल्या पानावर तो अडतो. नवी मॉडेलं अडत नाहीत. अडत नाहीत, हाच त्यांच्यातला धोका आहे. जुन्या पुस्तकांवर शके १८८५ असं छापलेलं असतं. मॉडेलनं वर्षाच्या रकान्यात बिनदिक्कत १८८५ लिहिलं! शकात ७८ मिळवायचे, म्हणजे ते पुस्तक १९६३ चं. पण आमच्या यादीत ते टिळकांच्या तरुणपणातलं झालं असतं. अशा एकूण एक नोंदी मग आमच्या निवृत्त शिक्षिका असलेल्या एका काकूंनी हातात पुस्तक घेऊन तपासल्या. यंत्रानं टायपिंग वाचवलं, तपासणी वाचवली नाही.

लेखकांची नावं हा वेगळाच अध्याय. पु. ल. देशपांडे, पुल, पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे ही तीन माणसं नाहीत, हे आपल्याला माहीत असतं. कुसुमाग्रज म्हणजेच वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. टोपणनावांची इतकी हौस असलेली भाषा कॉम्प्युटरला जडच जाणार. यासाठी ग्रंथपालांच्या जगात फार पूर्वीपासून ‘अधिकृत नावांच्या’ याद्या असतात. आता त्याला विकिडेटाची जोड मिळाली आहे. विकिपीडियाच्याच कुटुंबातला हा २०१२ चा प्रकल्प प्रत्येक लेखकाला एक क्रमांक देतो आणि त्याखाली सगळ्या भाषांतली, सगळ्या स्पेलिंगांची नावं ठेवतो. आम्ही आमच्या यादीत लेखकाच्या नावाशेजारी तो क्रमांक लिहून ठेवला. आता कुणी ‘शिरवाडकर’ शोधलं तरी ‘विशाखा’ सापडते. एखाद्या लेखकाची नोंदच नसेल, तर ती कुणीही करू शकतं; आमच्या काकूंनी आतापर्यंत बऱ्याच केल्या.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, शोधाची. जगातल्या बहुतेक सर्च बॉक्सच्या पोटात लुसीन हा मोफत प्रोग्रॅम किंवा त्यावर उभं असलेलं इलॅस्टिकसर्च असतं. कोहासुद्धा ते वापरू शकतं. त्यात भाषेगणिक तयार नियम असतात. इंग्रजी, फ्रेंच, अरबी तर आहेतच. हिंदी आहे, बंगाली आहे, नेपाळी आहे, तमिळ आणि तेलुगूही आहे. मराठी नाही. कुणी मुद्दाम वगळली असं नाही. कुणी लिहून दिली नाही, एवढंच. हे नियम त्या त्या भाषेत शोधणारे लोकच लिहितात आणि आपण मराठी इंजिनिअर तर गल्लोगल्ली आहोत.

तात्पुरता मार्ग म्हणून मी हिंदीचे नियम लावून पाहिले, तर अर्धं काम फुकटात झालं. ते ‘ऱ’ आणि ‘र’ एक करतात, न दिसणारी जोडचिन्हं काढून टाकतात. म्हणजे ‘कादंबऱ्या’चे दोन्ही अवतार एक झाले. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवायचे आणि अजूनही भागवतात. तोही घोळ मिटला. वर ऱ्हस्व-दीर्घही एक होतात, म्हणून १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचा ‘कवि’ आणि आजचा ‘कवी’ एकमेकांना भेटले. ‘दिन’ आणि ‘दीन’ही एक झाले म्हणा, पण हजार पुस्तकांच्या यादीत तेवढं चालतं. जुन्या ‘नांव’ आणि ‘कांहीं’वरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार मात्र राहिले. ते मी वेगळा नियम लिहून काढले.

खरी अडचण पुढेच होती. हिंदीत शब्दाची शेपटं वेगळी, मराठीत वेगळी. आपण ‘शाळा’ म्हणतो, पण पुस्तकाच्या नावात ‘शाळेतील’, ‘शाळेच्या’, ‘शाळेला’ असं काहीही असू शकतं. ‘माणूस’चा ‘माणसाला’ होताना मधला ऊच उडून जातो. मराठी व्याकरणात आपण सातवी-आठवीत घोकलेलं सामान्यरूप मला इतक्या वर्षांनी अमेरिकेत बसून पुन्हा घोकावं लागलं. प्रत्ययांची यादी करायची, लांबलचक आधी कापायचे, मग आखूड. ‘च्या’ आधी, ‘त’ सगळ्यात शेवटी, नाहीतर ‘गीत’चा ‘गी’ होतो! रॉकेट सोडण्याइतकं हे अवघड नाही. काही शनिवार-रविवारांचं काम आहे. आता आमच्या यादीत ‘शाळा’ शोधलं की ‘शाळेच्या’सुद्धा येतं.

सध्या ज्याची सगळीकडे चर्चा आहे, तो अर्थावरून शोध. यात शब्द जुळवत नाहीत. प्रत्येक नोंदीचं मॉडेलकडून आकड्यांत रूपांतर करतात आणि जवळचे आकडे म्हणजे जवळचा अर्थ, असं धरतात. तुम्ही ‘दुष्काळावरची पुस्तकं’ म्हटलं तर ‘अवर्षण’ आणि ‘पाणीटंचाई’ लिहिलेल्या नोंदीही येतात. इंग्रजीत प्रश्न विचारला तरी मराठी पुस्तक येतं. इथल्या मुलांसाठी तर ही मोठीच सोय. मी मोठ्या हौसेनं हे बसवलं आणि आमच्या काकूंना म्हटलं, विचारा काहीही. त्यांनी दुष्काळावरच्या कादंबऱ्या विचारल्या. ‘बनगरवाडी’ आली नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, आणि शेवटी दुष्काळानं उठून जाणारी वाडी. वाचलेल्याला हे सांगावं लागत नाही. पण आमच्या नोंदीत काय होतं? नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, पानं. यातल्या कुठल्या शब्दाला दुष्काळाचा वास येणार? काकूंनी त्या नोंदीत दोन ओळी लिहिल्या, गोष्ट कुठे घडते आणि काय होतं. पुढच्या वेळी ती पहिल्या क्रमांकावर आली. ग्रंथपाल मंडळी पिढ्यान् पिढ्या पुस्तकाला विषय देत आली आहेत ती यासाठी. आम्हाला कॉम्प्युटर सायन्समध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मते लायब्ररीत एआय आणायचं असेल तर त्याच्या खर्चातला मोठा वाटा या दोन ओळी लिहिणाऱ्या माणसांना द्यावा. आमच्याकडे आता दर शनिवारी चार-पाच जण बसून प्रत्येकी पाच पुस्तकांच्या दोन-दोन ओळी लिहितात. वाद होतात, चहा होतो, कुणीतरी वाचतच बसतं.

‘चॅटबॉटलाच विचारा की’ असंही मला सुचवलं गेलं. एकाला विचारलं, अमेरिकेतल्या मराठी माणसांवरच्या जुन्या कादंबऱ्या सांग. सहा नावं आली, प्रत्येकाबरोबर लेखक आणि कथानकही. लेखक खरे होते. सहापैकी चार पुस्तकं त्यांनी कधी लिहिलेलीच नाहीत. हे फक्त मराठीत होतं असं नाही. आमच्या इथल्या शिकागो सन-टाइम्सच्या मे २०२५ च्या एका पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी आली; त्यातली पाचच खरी होती. बाकीची एआयनं रचलेली, अगदी इसाबेल अलेंडेंच्या नावावरसुद्धा. यादी बाहेरच्या संस्थेकडून आली होती आणि कुणी ती तपासली नव्हती. आमच्या लायब्रेरियन बाई सांगतात, नसलेली पुस्तकं मागायला आता लोक नियमित येतात, आणि ‘हे पुस्तक नाही’ असं सांगितलं की त्यांच्यावरच चिडतात. म्हणून आमच्या यादीवरचा मदतनीस यादीत नसलेलं नाव उच्चारूच शकत नाही, असा बांधला आहे. तो कमी बोलतो. पण जे बोलतो ते कपाटात असतं.

ई-बुकांचा मोह बऱ्याच सभासदांना आहे. ‘गॅरेज कशाला, सगळं लिबीसारखं मोबाइलवर करा.’ लिबी मीही वापरतो, झकास आहे. पण लायब्ररी ते ई-बुक विकत घेत नाही, भाड्यानं घेते. हार्पर कॉलिन्सनं २०११ मध्ये सव्वीस वेळा वाचायला दिलं की परवाना संपतो, असा नियम आणला; इतर प्रकाशकांचे मुदतीचे परवाने आहेत. आमची कागदी पुस्तकं सत्ताविसाव्या वाचकालाही उघडतात. आणि सगळं ऑनलाइन एकाच ठिकाणी ठेवलं तर काय होतं, ते ब्रिटिश लायब्ररीला विचारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि तिची यादी लोकांना पुन्हा शोधता यायला जानेवारी उजाडला. आमची यादी साध्या तक्त्याच्या फाइलीत दर महिन्याला तिघांच्या घरी उतरवून ठेवतो. एक प्रत काकांच्या आग्रहानं कागदावर.

सध्या काम अडलंय ते पाच पुस्तकांवर. त्यांना मुखपृष्ठ नाही, शीर्षकपान नाही, पहिली काही पानं गळालेली. फोटो काढून मॉडेलला दाखवले, तर त्यानं पाचांचीही नावं ठामपणे सांगितली आणि पाचही चुकीची निघाली. शेवटी माझ्या तालुक्याच्या गावच्या ग्रंथालयातल्या ग्रंथपाल ताईंना व्हॉट्सॲपवर एकेक पान पाठवलं. त्यांचं ग्रंथालय ‘ब’ वर्गातलं, नोंदी अजून वहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. दोन पुस्तकं त्यांनी पात्रांच्या नावांवरून ओळखली, तिसरं छपाईच्या धाटणीवरून प्रकाशक ओळखून आपल्या कपाटातल्या प्रतीशी ताडून पाहिलं. उरलेल्या दोनांबद्दल त्यांनी लिहिलंय, ‘ही मी वाचलेली नाहीत. पान ४० ते ५० चे फोटो पाठवा, आमच्याकडे रोज एक आजोबा येतात, त्यांना दाखवते.’ फोटो काल रात्री पाठवलेत.